पावणेसातच्या गाडीचे भिवामामा

भिवामामा गेले त्याला आता दीड महिना झाला. आमची शेवटची भेट झाली ती पुण्यातल्या ज्या दवाखान्यात मी रक्त तपासण्याचं काम करते, तिथंच. सकाळी नमुने आले, त्यातल्या एका बाटलीवर 'भिवा कोळेकर, दौंड' असं लिहिलेलं दिसलं. हातातलं काम तसंच टाकून मी वॉर्डात गेले. माणूस निम्मा झाला होता. हाताला सुई, नाकात नळी, पण मला बघितल्यावर पहिला प्रश्न काय, तर कालची संध्याकाळची गाडी दौंडला कितीला पोचली? मी म्हटलं, "वेळेवर पोचली मामा." त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "खोटं बोलू नगंस संगीता. तो उरुळीचा वॉर्डबॉय मघाशीच सांगून गेला, दहा मिनिटं लेट व्हती." मी हसले. बाटलीतल्या रक्तात काय निघणार याचा मला तेव्हाच अंदाज आला होता, आणि हा माणूस दहा मिनिटांचा हिशोब विचारत होता... मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता. माझं सगळं आयुष्य ज्यानं रुळावर आणलं त्याच्याविषयी लिहायला बसले तरी रागच आधी आठवावा, याला काय म्हणायचं? पण आमचं नातंच तसं होतं. आम्ही भांडतच एकमेकांचे झालो.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. दौंड-पुणे शटलच्या तिसऱ्या डब्यातल्या सगळ्यांचेच ते मामा. पुण्यात एका कारखान्यात फिटर होते. त्यांचे वडील मेंढरं घेऊन दरसाल घाट उतरून कोकणात जायचे; मामांच्या पिढीला घर मिळालं, थोडी शेती मिळाली आणि मामांना नोकरी. पण वडिलांची एक सवय त्यांच्या अंगात उतरली होती. संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं आत घेताना त्यांचे वडील आकडे मोजत नसत, तोंडं बघत, आणि कोणतं आलं नाही ते बरोबर सांगत. मामा तसंच डब्यात करायचे. दौंड सुटलं की एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि परत येऊन सांगायचे, "पाटलीणबाई न्हाईत आज. आन् तो बँकेतला चष्मेवाला बी न्हाई." दुसऱ्या दिवशी त्या माणसाला चौकशीला तोंड द्यावंच लागायचं. ताप आला होता का, घरी काही झालं का, की गाडी चुकली. मला सुरुवातीला हे अजिबात आवडायचं नाही. घरात आईची हजेरी होतीच, डब्यात आणखी एक कशाला?

आमची ती शटल म्हणजे एक प्रकरणच होतं. वेळापत्रकात सातची. पण ती फलाटाला लागायची तीच सातनंतर, आणि सुटायची सव्वासात, साडेसातला. शिवाय मध्ये एका लहान स्टेशनात तिला बाजूला घ्यायचे आणि मागून येणारी मेलगाडी पुढं काढायचे. मेलगाडीलाच उशीर असला, तर आम्ही तिच्या नावानं बसून राहायचो. बायका भाज्या निवडून मोकळ्या व्हायच्या, पुरुषांचा पत्त्यांचा डाव संपून दुसरा सुरू व्हायचा. लोकांनी यातूनही मार्ग काढला होता. सातची गाडी साडेसातला सुटते, तर घरून सव्वासातला निघायचं. सगळं दौंड तसंच वागायचं. शाळेतल्या मास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी गाडीचा उशीर आपल्या पोटात घालून घेतला होता आणि त्यात काही गैर आहे हेही कुणाला वाटेनासं झालं होतं.

मामांना मात्र वाटायचं. त्यांनी एक पद्धत काढली होती. स्टेशनमास्तरांच्या खोलीत तक्रारवही असते. कुणीही मागितली की द्यावी लागते. मामांनी ठरवलं की या वहीत रोज एक तक्रार पडली पाहिजे, पण रोज वेगळ्या माणसाची, त्याच्या स्वतःच्या हातची. शंभर सह्यांचा अर्ज त्यांना मान्य नव्हता. म्हणायचे, "शंभर सह्या म्हंजी एकच कागद. फायलीत गेला की संपला." आणि 'गाडी उशिरा आली, योग्य ती कारवाई व्हावी' असं लिहिलेलंही त्यांना चालायचं नाही. गाडीला उशीर झाला हे त्यांना ठाऊकच आहे, त्यापायी तुझं काय झालं ते लिही, म्हणायचे. एका बाईंनी लिहिलं, की लेकीला बघायला आलेले पाहुणे वाट बघून उठून गेले. एका मास्तरांनी लिहिलं, पहिल्या तासाला वर्ग रोज माझ्याविना बसतो, आता मुलांनाही मी नसल्याची सवय झाली आहे. एका टपाल खात्यातल्या गृहस्थांनी तर लिहिलं, की उशिरामुळे बायकोशी भांडण झाले. गाडी वेळेवर असती तरी झाले असते, पण तिला आयते कारण मिळाले. आणि ज्या दिवशी गाडी चुकून वेळेवर धावायची, त्या दिवशीही एकानं वहीत लिहायचंच, की आज गाडी वेळेवर आली, आभारी आहोत. स्टेशनमास्तर आधी वैतागायचे. पुढं पुढं तेच वही टेबलावर उघडी ठेवू लागले.

मी डब्यात आले ती नव्वदीच्या मधल्या वर्षांत. आमच्या वस्तीत पगाराची नोकरी लागलेली मी पहिली मुलगी. वडील नव्हते. आईनं लोकांच्या शेतात राबून मला तंत्रज्ञाचा कोर्स करू दिला होता. दवाखान्यात मला वर्षभर तात्पुरतं घेतलं होतं, वर्षाच्या शेवटी काम बघून कायम करणार होते. कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढं तांबड्या शाईचे शेरे वाढत चालले होते. आमच्या विभागाच्या मोठ्या बाईंनी दोन वेळा लेखी समज दिली. तिसऱ्या वेळी जवळ बसवून म्हणाल्या, "संगीता, मला तू हवी आहेस. पण नऊ वाजता हवी आहेस. पुण्यात खोली घे." खोली घ्यायला पैसे नव्हते, आणि तरण्या मुलीला पुण्यात एकटीला ठेवायची आईची तयारी नव्हती. म्हणजे माझी नोकरी आता मोठ्या बाईंच्या हातात नव्हती, माझ्या तर नव्हतीच. ती शटलच्या हातात होती.

त्याच दिवसांत एकदा गाडी त्या लहान स्टेशनात तास-सव्वातास उभी राहिली. काही तरुण पोरं खाली उतरून मेलगाडीच्या रुळावर बसायला निघाली. मामांनी त्यांना अडवलं. "आपली गाडी थांबवली म्हणून दुसऱ्याची थांबवायची व्हय? त्यातबी आपल्यासारखीच माणसं हायेत." पोरं त्यांना नको नको ते बोलली. भित्रा म्हणाली, रेल्वेचा माणूस म्हणाली. मामा ऐकून घेऊन रुळाकडं पाठ करून उभे राहिले. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी पोरांपेक्षा मी जास्त बोलले. माझं डोकं फिरलं होतं. सगळ्या डब्यासमोर म्हणाले, "मामा, तुमच्या वहीनं माझी नोकरी ऱ्हाणार हाय का? लिवून लिवून काय झालं आजवर? पोरं बसत होती तर बसू द्यायची होती." पुण्याला उतरताना मामा म्हणाले, "समद्या डब्याचं लिवून झालंय. तुझंच पान न्हाई वहीत."

ते खरं होतं. मी लिहिलं नव्हतं, कारण मला भीती वाटत होती. वहीत नाव घालायचं, पत्ता घालायचा, आणि ते कुठून तरी दवाखान्यात कळायचं. शिवाय आमच्यासारख्याच्या घरात सरकारी कागदावर नाव चढणं म्हणजे काहीतरी लफडंच, असंच लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. बाकावर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बसली होती, त्यातली एक म्हातारी चक्कर येऊन पडली होती. तिला खाटेवर निजवून साखरेचं पाणी देत होते. ती माझा हात धरून म्हणाली, "तू आलीस व्हय बाय. बरं झालं." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी दौंडला उतरले आणि सरळ स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले. मामा दाराबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. मी लिहिलं, की मी रक्त तपासते. माणसं रात्रीपासून उपाशी राहून सकाळी माझी वाट बघत बसतात. आज एक म्हातारी बाई पडली. चूक कुणाची हे मला ठरवता येत नाही, पण तिनं मला शिवी दिली नाही याचं वाईट वाटतं. दोन महिन्यांनी माझी नोकरी राहणार की जाणार ते ठरेल. ते माझ्या कामावर ठरावं, एवढीच विनंती आहे. खाली नाव लिहिलं, वस्तीचा पत्ता लिहिला. बाहेर आले तर मामांनी काय लिहिलंस तेही विचारलं नाही. "चहा घेणार का?" एवढंच म्हणाले.

पुढं महिन्याभरानं रेल्वेचे एक साहेब पाहणीला आले. ते आले होते भलत्याच कामाला, पण मास्तरांच्या टेबलावरची वही त्यांनी उघडली आणि म्हणे अर्धा तास वाचतच बसले. एकदा हसले, एकदा चष्मा काढून ठेवला. मग विचारलं, "या रक्त तपासणाऱ्या बाई कोण?" संध्याकाळच्या गाडीतून आम्ही उतरलो तेव्हा मास्तरांचा माणूस फलाटावर मला शोधत होता. मी मामांच्या मागं सरकले. मामा म्हणाले, "चल, मी हाय." आत साहेबांनी आम्हांला बसायला सांगितलं. अतिशय सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, मेलगाडी लांबून येते. तिला पुढं काढावीच लागते. मी तरी काय करू?" मामा या प्रश्नाची वर्षानुवर्षं वाट बघत असल्यासारखे बोलले. "काढा की साहेब, तिला कोण नको म्हणतंय? पण आम्हांला तिच्याआधी सोडा. पावणेसातला सोडा. ती आमच्या मागं लागायच्या आत आम्ही पुण्यात." साहेब उठून वेळापत्रकाच्या मोठ्या तक्त्यापाशी गेले. मग म्हणाले, "आणि तुमचे लोक येतील का पावणेसातला? मोकळी गाडी धावली तर मला विचारतील." मामा छातीवर हात ठेवून म्हणाले, "त्याची जबाबदारी माझी."

नवी वेळ लागू व्हायच्या आधी आठवडाभर मामा डब्यातून फिरून सांगत होते. सोमवारपासून पावणेसात. सगळे माना डोलवत होते. पण आमच्या लोकांना मी ओळखते, मीही त्यांतलीच. पावणेसात म्हणजे सात, सात म्हणजे सव्वासात, हा हिशोब इतकी वर्षं मुरलेला. सोमवारी मी साडेसहालाच फलाटावर होते, कारण मला घरी बसवतच नव्हतं. गाडी लागलेली होती. लागलेली गाडी बघून मलाच कसंतरी वाटलं. आत मूठभर माणसं. मामांनी एक फेरी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. निम्म्याहून जास्त तोंडं दिसत नव्हती. साहेबांना दिलेला शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत असणार. ते खाली उतरले आणि फाटकाकडं धावले. बाहेर टपरीवर आमची मंडळी निवांत चहा पीत होती. मी दारातून बघत होते. मामा एकेकाचा कप हातातून काढून घेत होते, दंडाला धरून आणत होते, आणि पुन्हा बाहेर जात होते. मी ओरडत होते, "मामा, बास, या आता." ते हातानं थांब म्हणत होते, आणखी तिघं राहिलेत म्हणून बोटं दाखवत होते. तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली आणि ठरल्या वेळेला, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही, ती हलली.

दहा वर्षं ज्या माणसानं गाडी वेळेवर यावी म्हणून जिवाचं रान केलं, तो पहिल्याच दिवशी फलाटावर राहिला. त्यांच्या एका हातात बँकेतल्या चष्मेवाल्याचा दंड आणि दुसऱ्या हातात त्याचा चहाचा कप. मला वाटलं, आता हे डोक्याला हात लावतील. पण मामा हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं. कपातला चहा त्यांनी तिथंच उभ्यानं पिऊन टाकला. त्या दिवशी कारखान्यात त्यांची रजा पडली. वहीत त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या हातानं लिहिलं, ते मास्तरांनी नंतर आम्हांला वाचून दाखवलं: 'आज गाडी वेळेवर सुटली. त्यामुळे मी व बरेच जण चुकलो. चूक आमची आहे. कृपया हीच वेळ ठेवावी, आम्ही सुधारू.' आणि खरंच, गुरुवारपर्यंत डबा भरला. मी दवाखान्यात नऊच्या आधी पोचू लागले. मोठ्या बाईंनी माझी मुदत दोन महिने वाढवली आणि त्यानंतर कायमचं पत्र हातात दिलं. ते पत्र मी आईच्या आधी मामांना दाखवलं, कारण संध्याकाळी आई घरी होती आणि मामा गाडीत. त्यांनी ते उलटसुलट वाचलं आणि माझ्या हातात परत देत म्हणाले, "आता तू उशीर केलास तर मात्र गाडीचं नाव सांगू नगंस."

याचा अर्थ मामा देवमाणूस होते असा कुणी घेऊ नये. हट्टी होते. घरचं लग्न असो की बारसं, शटलच्या वेळेवर उठून स्टेशनात जायचे. मामी म्हणायच्या, "माझं लगीन ह्यांच्याशी झालं, ह्यांचं गाडीशी." प्रवासी मंडळ नीट नोंदवून घेतलं तेव्हा अध्यक्ष व्हा म्हणून सगळे मागं लागले, तर ऐन सभेतून उठून गेले आणि आम्हांला तोंडघशी पाडलं. पुढं पुढं त्यांच्या डोक्यात विजेवरची लोकल आली. दौंडपर्यंत तारा येतील, दर तासाला गाडी असेल, असं सांगायचे. मी चिडवायचे, "मामा, तुमच्या हयातीत येणार हाय का ती?" त्यावर शांतपणे म्हणायचे, "गाडी न का येईना माझ्या हयातीत. अर्ज तरी जाऊ दे." तो अर्ज गेला. अर्जासोबत तिसऱ्या डब्यातल्या प्रत्येकाचं एकेक पान आहे, ज्याच्या त्याच्या अक्षरात. गाडी यायची तेव्हा येईल. येईल असं मला वाटतं, आणि मी काही फार आशावादी बाई नाही.

दवाखान्यातून त्यांना घरी पाठवलं, कारण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढं तीन आठवड्यांनी एका पहाटे ते गेले. मुलगा कुरकुंभच्या कंपनीत रात्रपाळीला होता, तो येईपर्यंत उजाडलं. आम्हांला कळलं ते स्टेशनावरच. गाडी लागलेली होती आणि आम्ही सगळे फलाटावर घोळका करून उभे होतो. जावं की थांबावं? मी आणि आणखी दोघी धावत मामांच्या घरी गेलो. मामी उशाशी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू हितं काय करतीस? जा. गाडी चुकवू नका कुणी. संध्याकाळच्या गाडीनं या, तवर ठिवते मी त्यांना." मला वाटलं, दुःखात बोलतायत. तर मुलगा म्हणाला, "ताई, ती म्हणती तसंच करा." आम्ही परत धावलो. त्या दिवशी गाडीत कुणी पत्ते काढले नाहीत.

त्या दिवसाचं पुढचं मला मामींच्या सुनेनं सांगितलं. शिरूरकडून मामींचे दोन्ही भाऊ दुपारी जीप करून आले. चैत्रातलं ऊन, प्रेत किती वेळ ठेवायचं, म्हणून त्यांची घाई चालली होती. नदीवर सरण रचून तयार होतं. मामी ऐकेनात. थोरला भाऊ समजुतीनं म्हणाला, "अगं ताई, आम्ही यष्टीवाली माणसं, पर रेल्वेबी कळती आम्हांला. साडेसहाला येणारी म्हंजी आठ वाजतील. अंधारात न्यायचं का दाजींना?" सगळे मामींच्या तोंडाकडं बघत होते. मामींना घड्याळ वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "आठ न्हाई वाजत दादा. इतकी वरसं झाली, मी गाडीची शिट्टी ऐकून चुलीवर तवा टाकते. दोन-चार वेळा सोडलं, तर ह्यांच्या ताटात भाकरी कधी गार पडली न्हाई."

थोरला भाऊ दारातच बसून राहिला.

इकडं गाडीत मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा दर स्टेशनाला घड्याळ बघत होते. पाटस गेलं. मग दौंडच्या अलीकडं, सिग्नलपाशी गाडी उभी राहिली. डब्यातली सगळी माणसं उभी राहिली, कुणी कुणाकडं बघेना... मिनिट झालं, दीड मिनिट झालं, आणि धक्का बसून गाडी पुन्हा चालू लागली. ड्रायव्हरनं लांब शिट्टी दिली. आम्ही घराच्या गल्लीत वळलो तेव्हा उन्हं अजून भिंतींवर होती. तिरडी बांधून तयार होती, सगळे उठून उभे होते. मामींचा भाऊ माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "शिट्टी ऐकली आन् ताई म्हणली, बांधा आता, त्यांची माणसं आली."